बिळाच्या दारावरचा मासा

फेब्रुवारी लागला की वसमतच्या हवेला एक ओला, मातकट वास येतो. आजूबाजूच्या शेतांत हळद शिजायला लागलेली असते. वाफ आमच्या कॉलेजपर्यंत पोचत नाही, वास पोचतो. तो प्रयोगशाळेतल्या फॉर्मॅलिनच्या वासात मिसळला की कॅलेंडर न बघता मला कळतं, बारावीची प्रात्यक्षिकं आली. मुलामुलींची बोटं पिवळी दिसायला लागतात. सकाळी शेतात हळदीचे कंद मोडायचे, तोंड धुवायचं आणि बस धरून यायचं. त्यांच्या जर्नलच्या पानांवर पिवळे अंगठे उमटतात. मी ते पुसायला जात नाही. पुसले की जास्त पसरतात.

मग मी कपाट उघडते आणि गेल्या वर्षीची यादी काढते.

मी कनिष्ठ महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक आहे. माझं सगळं काम यादीवर चालतं. काचसामानाची यादी, रसायनांची, फुटलेल्या वस्तूंची, दुरुस्तीला दिलेल्या सूक्ष्मदर्शकांची. घरीसुद्धा फ्रिजवर यादी असते आणि तिच्यावरून मुलं माझी थट्टा करतात. ही सवय अब्बांची. ते शिंपी होते. त्यांच्या मापाच्या वहीत खाडाखोड नसायची. गिऱ्हाईक जाड झालं, बारीक झालं, तरी जुन्या मापावर ते फक्त एक लाल रेघ ओढायचे आणि नवं माप सगळ्यात खाली, तारीख टाकून लिहायचे. मधे काही घुसवायचं नाही. नवं ते शेवटी. मी तसंच करते.

गेल्या वर्षीच्या यादीवर माझ्याच अक्षरात लिहिलंय, ‘ओळखा. टेबल दोन.’ खाली एक ते दहा. पाचव्या ओळीवर लाल रेघ आहे, सगळ्यात खाली बदल, तारीख, सही. सगळं नियमाप्रमाणे. त्या लाल रेघेकडे मला वर्षभर नीट बघता आलेलं नाही.

राठोड सर आमच्याकडे जीवशास्त्र शिकवायचे. डोंगरकडा गावाजवळच्या एका बंजारा तांड्यावरचे. आमचे शिपाई गंगाराम मामा सांगायचे की त्या तांड्यातून कॉलेजपर्यंत पोचलेले सर पहिलेच. सर स्वतः हे कधी बोलले नाहीत. उंच, किंचित वाकलेले, खिशाला कायम दोन पेनं. शिकवणं पुस्तकाबरहुकूम, कुठे फाटा नाही. फक्त सहजीवनाचा धडा आला की पुस्तकातली उदाहरणं दोन वाक्यांत उरकायचे, खडूचं टोक झटकायचे आणि म्हणायचे, “आता मी पाहिलेलं सांगतो.”

एम.एस्सी.ला असताना अभ्याससहलीत ते गुजरातच्या किनाऱ्यावर गेले होते. तिथे ओहोटीला पाणी इतकं मागे सरतं की प्रवाळाच्या खडकावरून पायी चालत जाता येतं. खडकाच्या पायथ्याशी, गुडघाभर पाण्यात, वाळूतल्या एका बिळाच्या तोंडाशी त्यांना तो मासा दिसला. बोटाएवढा, अंगावर पट्टे, डोळे डोक्याच्या वरच्या बाजूला. गोबी जातीचा. सर तिथे वाकून उभे राहिले ते पाणी परत चढायला लागेपर्यंत. सगळ्या आयुष्यात समुद्र तेवढाच, एका ओहोटीपुरता.

आमच्याकडे समुद्र म्हणजे नकाशातला निळा रंग. त्यामुळे वर्गातून दरवर्षी तोच प्रश्न यायचा.

“सर, फुलगोबी का पत्तागोबी?”

सर दरवर्षी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे थांबायचे. “ह्या गोबीला काटे असतात. बस खाली.”

मग फळ्यावर चित्र. आधी प्रवाळाचा खडक, मग त्याच्या पायाशी उतरत गेलेली वाळू. हा मासा प्रवाळात राहत नाही, सर सांगायचे, प्रवाळाच्या अंगणात राहतो. खडकाचा चुरा आणि वाळू जिथे मिसळते त्या पट्ट्यात. बीळ मात्र त्याचं नाही. ते खणते एक कोळंबी. तिला जवळपास दिसत नाही. दिवसभर ती वाळू ढकलत बाहेर येते, टाकते आणि परत आत जाते. वाळू भुसभुशीत, छत सारखं ढासळतं, म्हणून शिंपल्यांचे तुकडे लावून ती बिळाचं तोंड सावरते. काल खणलेलं आज पुन्हा खणावं लागतं. मासा खणायला हात लावत नाही. तो दारात बसतो आणि बघतो. तिने उपसलेल्या वाळूतले बारीक जीव त्याला खायला मिळतात आणि लपायला घर मिळतं. बदल्यात तिला त्याचे डोळे. बाहेर असेल तितका वेळ ती आपली एक लांब मिशी माशाच्या अंगावर टेकवून ठेवते. लांबवर काही हललं की मासा शेपूट थरथरवतो आणि ती आत सरकते. धोका अगदी जवळ आला तर तोच डोकं खाली घालून बिळात शिरतो. सकाळी आधी मासा बाहेर येतो, मगच ती. मासा दारात नसेल तर ती बाहेर येत नाही.

हे सांगताना सर एक लांब रेघ ओढायचे, कोळंबीच्या डोक्यापासून माशाच्या शेपटीपर्यंत. न थांबता, एका दमात.

गेल्या वर्षीच्या परीक्षेआधीच्या पावसाळ्यात तो धडा झाल्यावर मी फळा पुसायला गेले. चित्र नेहमीसारखंच होतं. फक्त मिशीची रेघ शेपटीच्या चार बोटं अलीकडेच संपली होती. रिकाम्या फळ्यात. मला ते बघवेना. मी खडू घेतला, रेघ पुढे ओढून शेपटीला टेकवली आणि मग फळा पुसला.

“किती राहिली होती?”

वर्ग रिकामा झाला असं मी समजले होते. सर मागच्या बाकावर बसलेले होते. खडूचा आवाज त्यांनी ऐकला होता.

“चार बोटं, सर.”

“मागच्या साली टेकली होती का?”

“टेकली होती.”

त्यांनी मान हलवली. मग सांगितलं. डोळ्यांच्या आतल्या पडद्याचा रोग. बाजूचं दिसणं कधीच गेलेलं, इतके दिवस नळीतून बघितल्यासारखं मधलं दिसत होतं, आता तिथेही धुकं. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की यावर औषध नाही. वर्ग सुटला की व्हरांडा मोकळा होईपर्यंत ते बाकावरच बसून राहायचे. आम्हाला वाटायचं, सरांना थकवा येतो.

“निवृत्तीला दोन वर्षं हायत, बाई. तेवढी उभ्यानं काढायची. घरी कळलं तर घरचे म्हणतील बसा. इथं कळलं तर हे म्हणतील बसा. मी बसून काय करू?”

“मग काय करायचं, सर?”

“काय न्हाई करायचं. तुमी सांगायचं न्हाई, बस.”

मला काही न करणं जमत नाही. मी त्याच दिवशी यादी केली. व्हरांड्याच्या पायऱ्या किती, कुठल्या दाराला उंबरा आहे, कुठलं बाक मोडकं, नळ कुठे गळतो. ती त्यांना वाचून दाखवली आणि त्यांनी ती पाठ केली. त्यांची स्मरणशक्ती बघून मी चकित झाले. एकदा ऐकलं की झालं.

पॅडचं मात्र कोणी ठरवलं नव्हतं, ते होत गेलं. माझ्या हातात दिवसभर परीक्षेचं पॅड असतं, त्याला यादी लावलेली. व्हरांड्यातून जाताना सरांनी एकदा त्याचा कोपरा दोन बोटांनी धरला आणि मग तीच रीत झाली. पॅड किंचित खाली गेलं की पायरी. पॅड थांबलं की समोर कोणी उभं. पेन दोनदा वाजलं की प्राचार्य किंवा कोणी बाहेरचं येतंय. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, सर आणि शेख बाई सामान तपासून राहिलेत.

गंगाराम मामा एकदा म्हणाले, “बाई, ह्या यादीत हाय तरी काय? सर तिचा कोपरा सोडून न्हाई राहिले.”

“सामान हाय, मामा.”

“सामान हाय का सातबारा? एवढं तर लोक जमिनीचा कागद धरत न्हाईत.”

सर खळखळून हसले. त्या वर्षात ते मोकळेपणी हसलेले मला तेवढंच आठवतं.

आता वाटतं, फसवत कोण होतं आणि कोणाला. मुलांना बहुतेक कळलेलं होतं. सर आत यायच्या आधी स्टुलं बाकांखाली ढकलली जायची. मी कधी सांगितलं नव्हतं. कोमल नावाची पुसेगावकडची एक मुलगी होती, वसतिगृहात राहणारी, कमी बोलणारी. ती सरांच्या टेबलावर खडू नेहमी एकाच जागी, डाव्या कोपऱ्यात ठेवायची. मी ते बघितलं होतं, ती मला बघताना दिसली होती, आणि आम्ही दोघींनीही विषय काढला नाही.

हळदीचा वास सुरू झाला आणि प्रात्यक्षिकांची तयारी लागली. ‘ओळखा’चं टेबल सरांना सर्वांत अवघड. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या प्राण्यांच्या दहा बरण्या, सगळ्या एका मापाच्या, झाकणं मेणानं बंद केलेली. हाताला सगळ्या सारख्या. म्हणून आम्ही क्रम पक्का केला. दुपारी मुलं गेली की मी यादी वाचायची आणि सर एकेका झाकणावर तळवा ठेवत म्हणायचे. एक जळू. दोन कोळंबी. तीन विंचू. चार तारामासा. पाच समुद्रघोडा. सहा शार्कचं पिल्लू. सात बेडूक. आठ सरडा. नऊ साप. दहा वटवाघूळ. मधूनच मी विचारायची, “सात?” “बेडूक.” “तीन?” “विंचू, बाई, मी काय पहिलीतलं लेकरू हाय का?”

परीक्षेच्या आदल्या दिवशी सर लवकरची एसटी धरायला निघून गेले. मी टेबलावरून शेवटचा हात फिरवत होते, तर पाचव्या बरणीखाली ओलं लागलं. समुद्रघोड्याच्या बरणीला बारीक तडा गेलेला होता. ती काढावीच लागली. कपाटात एक जादा बरणी होती, मैनेची. ती मी पाचच्या जागी ठेवायला हवी होती. पण मधे काही घुसवायचं नाही. नवं ते शेवटी. मी सहाची बरणी पाचवर आणली, सातची सहावर, अशा सगळ्या एकेक घर अलीकडे, आणि मैना ठेवली दहावर. यादीत लाल रेघ ओढली, बदल लिहिला, तारीख, सही, आणि कागद दाराशेजारच्या फळीवर टाचला. आमच्याकडे फळीवर लावलं म्हणजे सगळ्यांना सांगितलं, अशीच पद्धत आहे. चोवीस वर्षं मी तसंच सांगत आले. काम नीट झालं, या समाधानात मी कुलूप लावलं.

फळीवरचं सरांना दिसत नाही, हे मला माहीत नव्हतं असं नाही. त्या वेळी ते मनात आलं नाही, एवढंच. वर्षभर मी या वाक्याला दुसरं काही रूप देऊन बघितलं, जमलं नाही.

सकाळी एसटी उशिरा आली. सर पोचले तेव्हा बाहेरगावचे परीक्षक येऊन बसलेले होते आणि लगेच परीक्षा सुरू झाली. थोड्या वेळानं मला ऑफिसातून बोलावणं आलं, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर सही पाहिजे. मी गेले. पॅड बरोबर नेलं.

परत आले तेव्हा परीक्षकांनी सरांना टेबल दोनवर तोंडी परीक्षा घ्यायला लावलं होतं आणि समोर कोमल उभी होती. सरांचा तळवा पाचव्या झाकणावर होता. माझ्या आणि त्यांच्यामध्ये अख्खी खोली.

“पाच नंबर,” सर म्हणाले. “ह्याची पिल्लं कोण सांभाळतं?”

कोमलनं बरणीकडे बघितलं. आत शार्कचं पिल्लू होतं. तिनं सरांच्या तोंडाकडे बघितलं. मी पेन पॅडवर दोनदा वाजवलं. सरांनी मान किंचित वळवली, कोणी येतंय का म्हणून. बरणी चुकली यासाठी आमच्याकडे खूण नव्हती.

“नर सांभाळतो, सर,” कोमल म्हणाली. “पोटाशी पिशवी असते त्याला.”

“छान. पोहताना अंग कसं असतं?”

“उभं, सर.”

परीक्षक पलीकडच्या टेबलावरून वळले. “काय गं, काय उभं? समोर काय आहे तुझ्या?”

कोमलनं पुन्हा सरांकडे बघितलं.

“नाव सांग प्राण्याचं.”

“समुद्रघोडा,” ती म्हणाली. खाली बघून, हळू. ती चार-पाच आकडी वजाबाकी तोंडी करणारी मुलगी.

“वर्षभर हेच केलं का तुम्ही? सर, शून्य लिहा हिला ओळखीचं.”

सर बरणीवर वाकले. नाक काचेला लागेल इतके. मग कोमलला विचारलं, जणू खोलीत दुसरं कोणी नाही, “काय हाय यात, बेटा?”

“शार्कचं पिल्लू, सर.”

सर सरळ झाले. “तिला पूर्ण गुण द्या. मी चुकीचं विचारलं आणि ती माझ्या मागं आली. तिला सगळं येतं. मला दिसत नाही.”

“म्हणजे, चष्मा विसरलात का…”

“चष्मा न्हाई. दिसत नाही.”

परीक्षक भला माणूस होता. त्यानं कोमलला पुन्हा विचारलं, गुण दिले, सरांना खुर्ची दिली. कोणी मोठ्यानं बोललं नाही. तेच जास्त वाईट होतं. टेबलावरचं सगळं सामान आवाज न करता हाताळलं जात होतं, घरात कोणी आजारी असल्यासारखं.

संध्याकाळ व्हायच्या आत सर निघाले. मी व्हरांड्यात गाठलं. त्यांनी पॅडचा कोपरा धरला नाही, भिंतीला हात लावून चालले.

“पाठ होतं, बाई,” ते म्हणाले. “रात्री झोपायच्या आधी दोनदा म्हटलं होतं. पाचवर सहा कसं आलं? डोळ्यांचं मी मनाला समजावून ठेवलं होतं. पण आता डोकं बी चाललं.”

लाल रेघेचा कागद त्यांच्यापासून दहा पावलांवर टाचलेला होता. मी म्हणाले, “सर, एसटी लागली असंल.”

एवढंच.

त्यानंतर ते आले नाहीत. आधी रजा, मग स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज, मग एक दिवस गंगाराम मामांनी त्यांच्या कपाटातली पुस्तकं खोक्यात भरून तांड्यावर पोचवली. परत आले तेव्हा म्हणाले, “सर म्हनले, शिकवणाऱ्याचे डोळे गेले तर चालतं मामा, पाठ राहत न्हाई तो काय शिकवील.” मी बरण्या पुसत होते. पुसत राहिले.

परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या यादीत पहिलंच काम लिहिलं होतं, ‘सरांना सांगणे.’ ते त्या दिवशी झालं नाही. उरलेलं काम मी दुसऱ्या दिवशीच्या यादीत ओढते. तेही ओढलं. मार्चमध्ये ते दर सोमवारच्या यादीत होतं. पावसाळ्यात महिन्याच्या. इतकी वर्षं याद्या करते, एवढं लांब ओढत आणलेलं दुसरं काम माझ्याकडे नाही. घरी फ्रिजवर ती ओळ बघून माझ्या मुलीनं विचारलं, “कोणत्या सरांना? काय सांगायचंय?” मी म्हणाले, कॉलेजचं आहे.

उन्हाळ्यात ऑफिसातला एक क्लार्क दुसऱ्याच कोणाच्या कामासाठी नियम चाळत होता आणि मोठ्यानं वाचत होता. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर माणसाला काढता येत नाही, हातून होईल असं काम देऊन ठेवावं लागतं. मी दारात उभी होते. म्हणजे आम्ही जे लपवलं, ते लपवायची गरज नव्हती. सगळ्या पायऱ्या मोजल्या, सगळे उंबरे लिहिले, आणि ही एक गोष्ट कोणाला विचारायची यादीत आलीच नाही.

त्या मोकळ्या दिवसांत मी मोबाइलवर तो मासा शोधून बघितला. सर सांगायचे तसाच. निळ्या उजेडात वाळूचा उतार, बिळाच्या तोंडाशी मासा, आणि आतून वाळूचा ढीग ढकलत येणारी कोळंबी. मिशी शेपटीवर. सर म्हणायचे की यांची पिल्लं आधी समुद्रात वाऱ्यावर सोडल्यासारखी वाहत असतात आणि मग कधीतरी खाली उतरून, एवढ्या मोठ्या वाळूत, आपापल्या मापाची जोडीदारीण कोळंबी शोधतात. त्या व्हिडिओत मागचा खडक पांढराफटक होता. पाणी तापलं की प्रवाळाचा रंग जातो आणि मग तो मरतो, खडक ढासळतो, हे मला सरांकडूनच माहीत. मासा त्या पांढऱ्या खडकासमोर बसलेला होता, नेहमीसारखा, दुसरीकडे कुठे जायचं त्याला ठाऊक नसावं. मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा मागे घेऊन बघितली. मोठी सावली आली, मासा बिळात गेला. सावली गेली. मासा पुन्हा बाहेर आला, आणि किती तरी वेळ कोळंबी आली नाही.

यंदा वास सुरू झाला, तशी मी यादी केली. पहिलं काम तेच. रविवारी सकाळी बस धरली आणि डोंगरकड्यावरून तांड्यावर गेले. सवयीनं पॅड पिशवीत होतं.

अंगणात ओल्या हळदीचा ढीग पडलेला होता आणि सर पोत्यावर बसून निवडत होते. गड्डे एका बाजूला, हळकुंडं दुसऱ्या. बोटं चटचट चालत होती, एकही चुकत नव्हतं. दाढी वाढलेली होती.

“शेख बाई आल्यात,” त्यांच्या घरच्या म्हणाल्या. मी त्यांना भाभी म्हणते. मला बाज टाकून दिली, चहा आणला आणि हसत तक्रार केली, “बाई, तुमीच सांगा ह्यांला. रोज पहाटं पाढे म्हनून राहिले. एकोणतीसापोतर. लोकांची लेकरं म्हनत न्हाईत आता, आन् ह्ये म्हनतात.”

“काहून सर?” मी विचारलं.

“उगं,” सर म्हणाले. “शिल्लक किती हाय ते बघाया.”

भाभी आत गेल्या. मी पिशवीतून गेल्या वर्षीची यादी काढली. काढल्यावर लक्षात आलं की याही वेळी मी कागदच घेऊन आलेय. तो परत ठेवला आणि तोंडानं सांगितलं. तडा गेलेली बरणी, मैना, एकेक घर अलीकडे सरकवलेल्या बरण्या, फळीवर टाचलेला कागद. आणि व्हरांड्यात मी काय बोलले नाही ते.

सरांचे हात थांबले.

“म्हंजे पाचवर शार्क तुमी ठेवला.”

“व्हय सर.”

“माझा क्रम बराबर होता.”

“बराबर होता. दहाच्या दहा.”

शेजारच्या शेतात हळद शिजवायच्या कुकरची वाफ सोडल्याचा आवाज झाला. मग त्यांनी हळूहळू म्हणायला सुरुवात केली, हळदीच्या ढिगावर तळवा ठेवत. एक जळू. दोन कोळंबी. तीन विंचू. चार तारामासा. पाचला थांबले. मला वाटलं मला विचारताहेत. “समुद्रघोडा,” त्यांनीच म्हटलं आणि दहापर्यंत गेले.

“एक साल, बाई,” ते म्हणाले. आवाज वाढला नव्हता. “मी घरात भाकरी मागायच्या आधी वार कोणता ते मनात म्हणून बघायलोय. नातवाचं नाव दोनदा म्हणतो. एक साल.”

“सर, मी दर यादीत लिहीत होते, सांगायचं म्हणून.”

“लिवलं असंल.” त्यांनी एक हळकुंड उचललं, चाचपलं, बाजूला टाकलं. “मासा शेपूट हलवतो. पाटी न्हाई लावत.”

मी त्या नियमाचंही सांगितलं. त्यावर ते नुसतं “हूं” म्हणाले. अर्ज मंजूर होऊन गेला होता. आता त्या नियमाचा त्यांना काही उपयोग होणार नव्हता. मग त्यांनी कोमलची चौकशी केली. ती नांदेडला नर्सिंगला गेली, मी सांगितलं. “चांगलं,” ते म्हणाले. “दुसऱ्यासाठी खोटं बोलताना घाबरली न्हाई पोरगी.” यंदा टेबलावर काय क्रम आहे ते त्यांनी विचारलं नाही. मी ते सांगायची तयारी करून गेले होते.

बसची वेळ झाली. मी उठले, तेही उठले. “चला, रस्त्यापोतर येतो.”

अंगणाच्या कडेला दोन दगडी पायऱ्या होत्या आणि पुढे वाळूचा ढीग. माझ्या हातांनी माझ्या आधी काम केलं. पॅड बाहेर आलं, डाव्या बाजूला, जरा खाली, कोपरा त्यांच्याकडे, त्या सबंध वर्षात धरायची तसं. मी थांबले. सरही थांबले. त्यांचा पिवळा हात पॅडपासून वीतभर अंतरावर होता.

“सर, पॅड,” असं म्हणणं अवघड नव्हतं. मी नुसती धरून उभी राहिले.

हात तसाच राहिला. दिसलं नाही म्हणून धरलं नाही, की कळूनही धरायचं नव्हतं, ते मला समजलं नाही. मग ते पुढे झाले. पायानं पायरीची कड चाचपली, उतरले, ओठांतल्या ओठांत पावलं मोजत वाळूच्या ढिगाला वळसा घातला आणि रस्त्याच्या बाजूनं चालू लागले. मी त्यांच्या मागे निघाले. पॅड अजून पुढे धरलेलंच होतं.